एनॉक शिंप्याची त्रेचाळीस इंची छाती

ओकेनशॉ गावात एनॉक हॅलिवेलने जितक्या छात्या मोजल्या तितक्या गावच्या डॉक्टरनेही मोजल्या नसतील. बावीस वर्षं तो शिंपीकाम करत होता. पण एवढ्या काळात स्वतःची छाती मोजावी असं त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. मोजण्यासारखं तिथे काही होतंच कुठे? "माझी छाती म्हणजे तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या तर अडकायची जागा," असं तो स्वतःच म्हणायचा. पुढे जे रामायण झालं, तेही तो वर्षानुवर्षं स्वतःच लोकांना सांगत असे आणि दर वेळी स्वतःला आणखी थोडं मूर्ख ठरवत असे.

सुरुवात झाली १९०० सालच्या फेब्रुवारीत. बँकेतल्या एका कारकुनाने दुरुस्तीला टाकलेल्या कोटाच्या खिशात एक मासिक निघालं. पानोपानी उघडे पुरुष. दंड फुगवलेले, पोटावर पाट्या उठलेल्या, नजर कुठेतरी दूर लागलेली. लंडनचे एक जगप्रसिद्ध पैलवान उत्तम शरीराची स्पर्धा भरवणार होते. आधी प्रत्येक परगण्यात निवड, मग विजेत्यांची लंडनमध्ये मोठी स्पर्धा. तिथे वजन उचलायचं नव्हतं, कुस्ती खेळायची नव्हती, कुणाला चीत करायचं नव्हतं. फक्त उभं राहायचं आणि परीक्षकांनी बघायचं.

नुसतं उभं राहायचं! कापड बेतायच्या टेबलाशी उभं राहण्यातच एनॉकची हयात गेली होती. त्याला वाटलं, जगात आपल्यासाठीच म्हणून एखादी स्पर्धा निघाली असेल तर ती हीच.

त्याने टपालाने डंबेल्स मागवले. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या उभ्या आरशासमोर तो रोज सकाळी दुकान उघडण्याआधी शर्ट काढून व्यायाम करू लागला. पहिल्या दिवशी त्याची बायको टॅबिथा चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"एनॉक, काय दुखतंय?"

"काही नाही. बेटकुळी दाखवतोय."

टॅबिथाने जवळ येऊन निरखून पाहिलं. "कुठल्या हाताला?"

व्यायामाआधी त्याने छातीचं माप घेतलं होतं, साडेएकोणचाळीस. मार्चच्या पहिल्या आठवड्यातही साडेएकोणचाळीसच. आणि मग एका सोमवारी त्याने टेप गुंडाळली, आकडा वाचला, डोळे चोळले आणि पुन्हा वाचला. साडेबेचाळीस!

"टॅबी!" तो ओरडतच स्वयंपाकघरात गेला. "आठ दिवसांत तीन इंच!"

"कंबर मोजलीस का?"

मोजली होती. तीही अडीच इंच वाढली होती, पण ती वाढ त्याने टॅबिथाच्या मटण भरून भाजलेल्या पाईच्या खाती टाकली होती. गळासुद्धा इंचभर वाढला होता. सगळ्या अंगानेच जोर धरला होता म्हणायचा.

"मग हा जुना कोट कसा होतो तुला?" टॅबिथाने विचारलं. "बटण तुटायला हवं होतं."

"चांगलं कापड ताणलं जातं," एनॉक म्हणाला. बावीस वर्षांचा अनुभवी शिंपी हे म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण त्याच सुमारास गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. कोट ढगळ होत होते, बाह्या बोटांवर येत होत्या. एनॉकचं ध्यान सगळं दंडाकडे असल्यामुळे कच्च्या शिलाईवर कोट अंगाला लावून बघायचंही तो टाळू लागला होता. तक्रार आली की तो गिऱ्हाइकाकडे गंभीरपणे बघायचा आणि म्हणायचा, "तुम्ही वाळलात." चॅपलचे पाद्री हे ऐकून इतके खूश झाले की त्यांनी कोट तसाच वापरायला घेतला. पण धान्याचे व्यापारी मिस्टर फेअरक्लफ पांढरेफटक पडले.

"वाळलो? किती?"

"छातीत तीन इंच, साहेब. महिन्याभरात."

मिस्टर फेअरक्लफ बाहेर पडले ते थेट डॉक्टरकडे गेले.

स्पर्धेत उतरणारा ओकेनशॉचा दुसरा माणूस म्हणजे जेथ्रो ऑर्मरॉड लोहार. जेथ्रोबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्याचा उजवा हात एनॉकच्या मांडीएवढा होता. एनॉक अर्ज भरतोय म्हटल्यावर तो ऐरणीला टेकून पोट धरून हसला, आणि मग डोळे पुसून म्हणाला, "मास्तर, तू ये. सोबत होईल. पण ते बिबट्याचं कातडं कुठनं आणायचं?"

कारण नियमच तसा होता. काळी घट्ट तुमान, आणि वर खांद्यावरून बिबट्याचं कातडं. लँकशायरमध्ये बिबटे कुठले? एनॉकने पिवळसर फ्लॅनेलच्या दोन झुली शिवल्या आणि त्यावर बुटाच्या पॉलिशने ठिपके काढले. काम इतकं सुबक झालं की गल्लीतलं एक कुत्रं जेथ्रोवर भुंकलं. अर्जात एनॉकने छाती लिहिली त्रेचाळीस इंच. आदल्या रात्री मोजली तेव्हा तेवढीच भरली होती.

जूनच्या एका शनिवारी दोघं प्रेस्टनला गेले. दुपारची वेळ, सभागृह खच्चून भरलेलं, वर गॅसचे दिवे भणभणत होते. ओकेनशॉहूनही वीसएक जण खास गाडीने आले होते. पडद्यामागे एकवीस पुरुष थंडीत काकडणाऱ्या कोंबड्यांसारखे अंग चोरून उभे होते आणि एकमेकांकडे बघत नसल्याचं दाखवत होते. एनॉक मात्र बघत होता. सवयच ती. एकाचा डावा खांदा पडलेला, दुसऱ्याला पोक. यांचे कोट कसे बेतावे लागतील याचा हिशोब त्याच्या डोक्यात आपोआप चालला होता. छाती फुगवायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

त्याचं नाव पुकारलं गेलं. तो ऐटीत मंचावर गेला, मध्यभागी ठेवलेल्या ठोकळ्यावर चढला, मुठी आवळल्या, आणि मासिकातल्यासारखी दूर कुठेतरी नजर लावली. सभागृहात हशा पिकला. एनॉकला कळेना. शेवटी परीक्षकांतल्या एका पिकल्या मिशांच्या डॉक्टरने हळूच त्याच्या गळ्याकडे बोट दाखवलं. बिबट्याच्या कातड्यावरून मापाची टेप लोंबत होती. सकाळी उठल्यावर ती गळ्यात टाकायची बावीस वर्षांची सवय, आज तुमान चढवतानाही हाताने ती बिनचूक पाळली होती.

"काही हरकत नाही," डॉक्टर म्हणाले, "झूल जरा बाजूला घ्या."

झूल बाजूला झाली आणि डॉक्टर एक पाऊल मागे सरकले. दिव्यांच्या धगीने पॉलिश वितळलं होतं. एनॉकच्या छातीवर काळे-तपकिरी डाग पडले होते, काही पोटापर्यंत ओघळले होते. आणि या स्पर्धेत नुसत्या स्नायूंना गुण नव्हते, कातडीच्या आरोग्यालाही होते.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"कालपासून. मीच लावलंय."

डॉक्टरांनी पोलादी टेप काढली, एनॉकच्या छातीभोवती फिरवली, आकडा बघितला, पुन्हा फिरवली. मग टेबलाशी बसलेल्या लेखनिकाला सांगितलं, आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "हॅलिवेल, ओकेनशॉ. अर्जात त्रेचाळीस. प्रत्यक्षात चाळीस."

इथे गप्प बसला असता तर एनॉक निदान डागांवर सुटला असता. पण त्याच्यातला शिंपी दुखावला गेला.

"तुमची टेप चुकीची आहे," तो ठोकळ्यावरून म्हणाला. "मी बावीस वर्षं मापं घेतोय. माझं माप आजवर चुकलेलं नाही!"

"असं?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. "द्या तुमची टेप."

त्यांनी एनॉकच्या गळ्यातली सुती टेप घेतली, आपल्या पोलादी टेपशेजारी टेबलावर पसरली आणि दोन्हींची टोकं जुळवली. एनॉक खाली वाकून बघू लागला. पोलादी टेपवर चाळीस जिथे होते, तिथे त्याच्या टेपवर त्रेचाळीस होते. गिरणीतल्या धुण्यात टाकलेल्या लोकरी मोज्यासारखी ती आटली होती.

एनॉकला सगळं एकदम दिसलं. आठवड्यात वाढलेले तीन इंच, वाढलेला गळा, वाढलेली कंबर. माप तो या टेपने घेत होता आणि कापड बेतत होता लाकडी गजाने. म्हणजे मार्चपासून गावातल्या प्रत्येक माणसाचा कोट... त्याचा विचार पुरा व्हायच्या आत वरच्या गॅलरीतून एक ओळखीचा आवाज गरजला:

"तरीच माझ्या बाह्या गुडघ्यापर्यंत येतायत!"

सभागृह कोसळायचंच बाकी राहिलं. पाठोपाठ दुसरा ओरडला, "माझ्या वेस्टकोटात बायकोसुद्धा मावते!" डॉक्टरांना हसू आवरेना, त्यांनी रुमाल तोंडाला लावला. आणि ठोकळ्यावर उभा असलेला, ओघळलेल्या ठिपक्यांचा बिबट्या, तोही हसू लागला. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चार महिने घाम गाळून अर्धा इंच कमावला होता, हे मात्र पोलादी टेपनेही मान्य केलं होतं.

मग जेथ्रोची पाळी आली. तो मंचावर आला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षकांनी त्याचा उजवा दंड मोजला, माना डोलावल्या. डावा मोजला आणि माना डोलायच्या थांबल्या. दीड इंचाचा फरक. या स्पर्धेत सगळं अंग सारखं कमावलेलं लागत होतं. एकच हात घेऊन आलेल्याला तिथे जागा नव्हती. पहिला आला सार्वजनिक स्नानगृहातला एक सडसडीत नोकर. त्याच्याकडे रस्त्यात कुणी वळूनही बघितलं नसतं, पण ठोकळ्यावर तो उभा राहिला आणि सभागृह चिडीचूप झालं. एनॉकनेही त्याला आपादमस्तक न्याहाळलं. खांदे समांतर, पाठ सरळ, कुठेही काही भरायला नको, झाकायला नको. असं अंग त्याच्या टेबलाशी एकदाही आलं नव्हतं.

परतीच्या गाडीत दोघांनी गरमागरम पाई खाल्ल्या. जेथ्रोने शेवटचा तुकडा तोंडात टाकून हात पुसले.

"मास्तर, माझ्या डाव्या हाताचं तुला ठाऊक होतं?"

"नऊ वर्षं. तुझ्या प्रत्येक कोटाच्या डाव्या खांद्यात कापसाचे दोन थर असतात."

"आणि बोलला नाहीस?"

"शिंपी बोलत नसतो, जेथ्रो. भरतो."

जेथ्रोने डाव्या हाताची मूठ वळून बघितली. "आणि मी समजत होतो, डाव्या बाजूलाही मी भरलेला आहे."

"माझं काय वेगळं होतं? तुझ्या अंगात निदान कापूस तरी होता."

घरी आल्यावर एनॉकने टॅबिथाला सगळं सांगितलं, ठिपक्यांसकट. तिने ऐकून घेतलं, आणि टेपचा विषय निघाल्यावर तिचा हात तोंडावर गेला.

"मार्चमध्ये तू तिच्यावर चहा सांडला होतास," ती हळूच म्हणाली. "कॉलर उकळायला ठेवल्या होत्या, त्यात टाकली मी."

"उकळलीस?"

"आणि खळही दिली. म्हटलं, नवऱ्याची टेप जरा ताठ दिसू दे."

एनॉक रागावणार होता. त्याने तोंडही उघडलं. पण टॅबिथा कोळशाच्या पेटीवर बसून इतकी हसत होती की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग त्यालाही बसायला जागा शोधावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून त्याची वारी सुरू झाली. चौदा कोट, अकरा वेस्टकोट, सहा तुमानी. प्रत्येक दारात उभं राहून तो म्हणायचा, "तुम्ही वाळला नव्हता. मी मूर्ख होतो." पाद्रींना हे ऐकून खरोखर वाईट वाटलं. मिस्टर फेअरक्लफ यांच्या दारात जाताना मात्र त्याचे पाय जड झाले. आपल्यामुळे या माणसाने डॉक्टरची औषधं घेतली, कदाचित मृत्युपत्रही केलं असेल. दार उघडलं, तर समोर मिस्टर फेअरक्लफ तोच कोट घालून उभे, आणि कोट अंगावर चपखल!

"डॉक्टर म्हणाले, अंग धरलं पाहिजे," ते म्हणाले. "तीन महिने पुडिंग आणि मलई चालू आहे. आता कसा वाटतोय मी?"

एनॉकने खरं सांगितलं. मिस्टर फेअरक्लफ यांनी त्याला जे ऐकवलं ते तो पुढे कुणालाच सांगत नसे. एवढंच म्हणे की त्यात देवाचं नाव बऱ्याचदा आलं होतं. पण डॉक्टरने खाऊ घातलेलं अंग परत कमी करायला त्यांचा जीव होईना. जुने सगळे कपडे तेवढे एनॉककडून फुकटात सैल करून घेतले.

आणि डंबेल्स? ते त्याने टाकले नाहीत. उलट जेथ्रोही आठवड्यातून दोनदा दुकानात यायला लागला, नुसता डावा हात कमवायला. टॅबिथा वाटाणे सोलत बसायची आणि मोठ्याने आकडे मोजायची. मध्येच एखादा आकडा ती मुद्दाम दोनदा म्हणायची. दोघांना कळायचं, तरी ते डंबेल पुन्हा उचलायचे.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात लंडनमधली मोठी स्पर्धा झाली. दोघांनी सगळ्यात वरच्या मजल्याची तिकिटं काढली. खाली त्या प्रचंड गोल सभागृहात साठएक माणसं रांगेत उभी राहिली. सगळा देश त्यांच्याकडे बघत असल्यासारखी शांतता होती. एनॉक कठड्यावर ओणवून बघत राहिला. बराच वेळ त्याच्या मनात कुणाचाही कोट बेतला गेला नाही.

"काय मास्तर," जेथ्रो कुजबुजला, "परत कधी भरली ही स्पर्धा, तर उतरायचं?"

"उतरू. पण दोघांनी मिळून एकच अर्ज भरू. उजवा हात तुझा, पोटऱ्या माझ्या."

"आणि छाती?"

एनॉकने खालच्या रांगेवरून गंभीरपणे नजर फिरवली. "छाती," तो म्हणाला, "त्या चौथ्या माणसाची उसनी मागू. चेहऱ्यावरून तरी भला वाटतोय."

मागच्या रांगेतल्या बाईंनी दोघांना गप्प बसायला सांगितलं, आणि दोन्ही पैलवान मुकाट्याने सरळ बसले.