कांद्याच्या सालींचा वास

पहिलं अंडं टेबलावर साडेतीन फेरे फिरलं आणि डगमगत थांबलं. उकडलेलं अंडं भोवऱ्यासारखं गरगरतं. हे लंगडत होतं. तिने ते पाहिलं आणि टेबलच कललं असेल म्हणून सोडून दिलं. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिने दुसऱ्या कुणाचं इतकं ढिसाळ अनुमान खपवून घेतलं नसतं. पण आज ईस्टर होता आणि हे बाबांचं घर होतं.

या घरचा ईस्टर साधा. कांद्याच्या सालींच्या पाण्यात बाबा बारा अंडी उकडत, तांबूस रंग चढला की घरभर लपवून ठेवत. सापडलेलं प्रत्येक अंडं टेबलावर एकदा फिरवायचं. बारावं मिळालं की बाबांनी मेणबत्ती लावायची आणि मगच नाश्ता. आई गेल्यावरही यात खंड पडला नव्हता. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. त्यांचं सगळं काट्यावर चालायचं.

गेल्या वर्षापर्यंत. मग एकदा नळ वाहता राहिला आणि खालच्यांचं छत गळलं. एकदा दार सताड उघडं टाकून ते फिरायला गेले. त्यांनी इथे एकटं राहायचं की तिच्याकडे यायचं, हे तिनेच ठरवायचं होतं. जादा खोली तिच्याकडे होती, आणि बाबा कुणाचं ऐकलंच तर तिचं ऐकत. वर्षभर ती ‘बघू’ म्हणत होती.

“आज बोलणार ना?” मघाशी जिना चढताना दादाने विचारलं होतं.

“आधी अंडी तर सापडू देत.”

“तुझं ‘बघू’ आता पेन्शनीला आलंय.”

बाबांनी दार उघडलं तेव्हा तिच्या सात वर्षांच्या मुलीने, चिमणीने, नाक दाबलं होतं. “ई! सडका कांदा!”

“सालींचा वास गं तो,” बाबा सर्दीने बसलेल्या आवाजात म्हणाले. “आत्ताच उकडून काढली. मला तर कसलाच वास येत नाही. चल, लाग कामाला. स्वयंपाकघरात मात्र जायचं नाही, पसारा पडलाय.” ते दार त्यांनी ओढून घेतलेलं होतं.

दुसरं अंडं बुटात सापडलं, तिसरं पडद्यामागे. सगळी पुसट पिवळी.

“यंदा रंग नाही धरला,” दादा म्हणाला.

“सालीच जुनाट निघाल्या,” बाबा म्हणाले.

वास कमी होत नव्हता. उलट तिचं डोकं जड व्हायला लागलं होतं.

अकरावं अंडं चिमणीला उशीखाली मिळालं. “आजोबा, शेवटचं कुठेय?”

बाबा हसले. ते हसू जरा जास्तच लांबलं.

“राहू द्या हो बाबा, लावा मेणबत्ती,” दादा म्हणाला. “पोटात कावळे ओरडतायत.”

“बाराशिवाय नाही. आजवर कधी लावली नाही.”

“आजोबा, मला पण खूप भूक लागलीये.”

बाबा विरघळले. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली.

तिने अकरावं अंडं फिरवलं, बोटाने क्षणभर अडवलं आणि सोडलं. ते आपोआप पुन्हा वळायला लागलं. आतलं पातळ अजून थांबलं नव्हतं. म्हणजे कच्चं. म्हणजे पाणी तापलंच नव्हतं. न तापलेल्या सालींचा घरभर वास सुटत नाही.

काडी पेटीच्या कडेला टेकली होती. तिने बाबांची मूठ घट्ट धरली.

“काय झालं गं?”

“काही नाही. सगळे खाली चला. आत्ता. चिमणी, चपला नंतर.”

“थांब, निदान पंखा लावतो,” दादा म्हणाला.

“बटणाला हात लावू नकोस, दादा!”

तिचा असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. त्याने चिमणीला उचललं आणि बाबांचा दंड धरला.

नाकाला ओढणी लावून ती स्वयंपाकघरात शिरली. गॅसच्या शेगडीचं बटण पूर्ण फिरवलेलं, ज्योत नाही, बारीक सूं सूं आवाज. तिने बटण बंद केलं, घरातली एकेक खिडकी उघडली. पातेल्यातलं पाणी गार होतं. तळाशी, सालींखाली, बारावं अंडं.

ते घेऊन ती खाली आली. बाबा बाहेर पायरीवर बसले होते, काडेपेटी अजून मुठीत. तिने सांगितलं. त्यांनी अंडं हातात घेतलं, पायरीवर ठेवून फिरवलं. ते दोन फेरे लंगडलं आणि थांबलं.

“मी पेटवली होती गं,” ते हळूच म्हणाले. “पेटवली होती ना?”

दादा रस्त्याकडे बघत राहिला. चिमणीने अंडं उचललं. “बारा झाली! आजोबा, आता लावा ना मेणबत्ती.”

बाबांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं. तिने त्यांची मूठ उघडली आणि काडेपेटी काढून घेतली.

“मेणबत्ती आपण माझ्या घरी लावू, बाबा,” ती म्हणाली. “आणि यापुढे तुम्ही तिथेच राहायचं.”