नोरा थ्रेलफॉलने भिंत पुन्हा खरवडली

नोरा थ्रेलफॉलने आपल्या पुढच्या खोलीच्या भिंतीला स्वतःच्या हाताने गिलावा दिला आणि तिसऱ्या दिवशी भिंतभर भेगा पडल्या. मी शेजारची, म्हणून पहिली हाक मला आली.

"ग्लेनिस, ये बघायला. हसायचं तर हस, पण आत येऊन हस."

मी गेले. आटलेल्या तळ्यासारखी भिंत तडकली होती. जुनी शेकोटी बुजवून तिथे प्लास्टरबोर्ड लावला होता, त्याच्या सांध्यावरून एक सरळ भेग छतापर्यंत गेली होती. दाराच्या कोपऱ्यावरून निघालेली तिरकी भेग वेगळीच. नोरा मध्यभागी उभी होती, भुवयांत अजून वाळलेलं प्लास्टर. मला हसू आलंच नाही.

नोरा त्रेसष्ट वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं चारशे पोरांचं जेवण शिजवून निवृत्त झालेली. नवरा केन जाऊन दोन वर्षं झाली होती. केनचा थोरला भाऊ डेसमंड हा आमच्या बर्नली गावातला नावाजलेला गिलावेवाला; अर्ध्या गावाच्या भिंती त्याच्या हाताखालून गेलेल्या. नोराने आधी त्यालाच विचारलं होतं. तो "बघू" म्हणाला आणि दोन महिने बघतच राहिला. मग हिने स्वतःच थापी विकत आणली.

भेगांचं कळल्यावर मात्र तो त्याच दुपारी हजर झाला. उजवा हात कोटाच्या खिशात, डाव्या हाताने भिंतीवर टकटक.

"हे बायकांचं काम नव्हे, नोरा."

"मग बाप्यांनी करायचं होतं. मी विचारलं होतं ना?"

"ही दारावरची भेग बघ. हा गिलाव्याचा दोष नाही. घर खचतंय. विकून टाक. आमच्या बाजूला एकमजली घर रिकामं होतंय. जिने नाहीत, कटकट नाही. म्हातारपणी बरं."

"म्हातारपण कुणाचं?" नोरा म्हणाली. "तुझं असेल तर तू जा. मी चहा टाकते, पिऊन जा."

तो चहा न पिताच गेला. नोराने कप विसळून ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि भिंतीकडे बघत मला म्हणाली, "एकमजली घर म्हणे. या घरात मी केनला शेवटचं पाणी पाजलंय. एका भेगेसाठी निघू?"

दुसऱ्या दिवशी तिने दारावरच्या तिरक्या भेगेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांनी घट्ट चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख घातली. भिंत हलली तर काच फुटणार. काच तशीच ठेवून तिने बाकीची भिंत खरवडायला घेतली. जिथे ठोकल्यावर पोकळ आवाज येई, तिथलं प्लास्टर ती पाडून टाकी. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू फक्त बादल्या बाहेर ने. पाडायची मजा माझी."

तीन महिने गेले. थंडी आली, पाऊस झाला, काच जशीच्या तशी. नोराने डेसमंडला फोन केला. "ये आणि बघ, तुझं खचणारं घर कुठवर गेलं ते."

तो आला. काच बघितली, वाकून पुन्हा बघितली. "बरं, घर पूर्वी कधीतरी हललं असेल, आता थांबलंय," तो पुटपुटला. मग कोपऱ्यात भिजवून ठेवलेलं प्लास्टर दिसलं तसा उखडला. "पुन्हा करणार? पुन्हा फुटणार!"

"मग दाखव कसं करायचं." तिने थापी त्याच्यापुढे धरली. "घे. एक हात मार. मी बघते."

डेसमंडने थापी घेतली. हात छातीपर्यंत वर आला आणि तिथेच थांबला. त्याने दात खाऊन जोर केला, चेहरा पांढरा पडला, थापी खाली पडली.

"कधीपासून?" नोराने विचारलं.

"दीड वर्ष. खांदा गेलाय." तो खिडकीबाहेर बघत होता. "क्लबातल्या गड्यांना सांगू नको."

"म्हणून मला घर विकायला लावत होतास? 'मला जमत नाही' एवढं तोंडातून निघेना?"

"चाळीस वर्षं भिंती केल्या गं मी."

मला वाटलं, आता नोरा विरघळेल. छे! तिने स्वयंपाकघरातली खुर्ची आणून खोलीच्या मधोमध आपटली. "बस. हात माझा, तोंड तुझं. आधी सांग, पहिल्यांदा का फुटली?"

तो बसला. आणि एकदा बोलायला लागला तो थांबेना.

"हीटर लावला होतास?"

"लवकर वाळावं म्हणून."

"तिथेच घोळ. प्लास्टरला घाई केली की ते आक्रसतं. आणि एकाच वेळी जाड थर दिलास."

"हात दुखायला लागला होता."

"भिंतीला त्याचं काय! जुनी भिंत तहानलेली असते, सगळं पाणी ओढून घेते. आधी पांढरा गोंद पाण्यात पातळ करून लाव. तो चिकट असतानाच पहिला थर. आणि बोर्डाच्या सांध्यावर जाळीची पट्टी कुठाय?"

"माहीत नव्हतं."

"आता झालं ना माहीत!"

सांध्यावर पट्टी बसली. दारावरची भेग तिने काच काढून पात्याने रुंद केली, धूळ झटकली, ओली करून भरली आणि तिच्यावरही जाळी लावली. मग दोन पातळ थर. पहिला घट्ट होऊ लागल्यावर दुसरा. "दाबू नको! थापीची कड उचल! अगं, केक आहे का तो?" डेसमंड खुर्चीवरून ओरडत होता.

"चारशे पोरांचे केक केलेत मी, गप्प बस," नोरा शिडीवरून ओरडत होती. दंड भरून आले तरी ती खाली उतरली नाही. शेवटी जरासं पाणी शिंपडून तिने भिंत घोटली. हीटर बंद, दारं बंद. पुढचा आठवडाभर ती कोट घालून घरात वावरली.

भिंतीचा गडद रंग वाळताना हळूहळू फिकट होत गेला. एकही भेग नाही. डेसमंडने डोळे मिटून डावा तळवा तिच्यावरून फिरवला आणि म्हणाला, "खालच्या कोपऱ्यात जरा लाट आहे."

"असू दे," नोरा म्हणाली.

त्या शनिवारी आम्ही तिघं गावातल्या क्लबात प्यायला गेलो. कुणीतरी डेसमंडच्या पाठीवर थाप मारली. "भावजयीची भिंत बघितली खिडकीतून. हात अजून गेला नाही हं तुझा!"

डेसमंडने ग्लास खाली ठेवला. नोरा तोंड उघडणार तेवढ्यात तो मोठ्याने म्हणाला, "हात गेलाय. खांद्यापासून. भिंत तिने केली."

कुणी खोकलं, कुणी ग्लासात बघू लागलं. मग तोच माणूस नोराकडे वळला आणि चाचरत म्हणाला, "आमच्या जिन्याची भिंत पण फार तडकली आहे. तुम्ही याल का?"

"नाही," नोरा म्हणाली. "तुझी बायको कुठे बसलीये? तिला शिकवते मी कसं करायचं ते."

आणि ती उठून गेलीसुद्धा.