दुसऱ्या बाकावरचा आवाज

पुदिन्याच्या गोळीवरचा कागद सोडवताना फार आवाज होतो. प्रवचन चालू असताना अर्नेस्टीन तो इतक्या सावकाश सोडवायची की गोळी तोंडात जाईपर्यंत पास्टर पुढच्या मुद्द्यावर पोचलेले असायचे. हॉस्पिटलच्या बाकावर बसून लेम्युएल तिच्याच पर्समधली गोळी सोडवत होता, तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मिस्टर टॉलिव्हर, आम्ही सगळं करून पाहिलं. त्याने गोळी परत कागदात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली, पर्स बंद केली.

बायको गेली त्याला सात आठवडे झाले. आज शनिवार, म्हणून तो क्लिओफसच्या दुकानात केस कापायला बसला आहे. पोलादाचा कारखाना जोरात होता तेव्हा शनिवारी इथे उभं राहायला जागा नसे, मानेवर लाल धूळ घेऊन माणसं यायची, आणि अर्नेस्टीन बाहेरून काचेवर अंगठीने टकटक करायची – अजून किती वेळ, मासे तळायचेत – आणि हसायची. वरचा ओठ आधी हसायचा, मग बाकीची ती... नाही, हे मला नीट सांगता येत नाही.

रेडिओवर कुणीतरी आपलाच एक माणूस बोलत होता. काळ्या घरांत बाप उरले नाहीत, पोरं वाया चालली, दुसऱ्यांना किती दिवस दोष देणार. क्लिओफसने आवाज बारीक केला.

"पुस्तक खपवायचंय त्याला. असली भाषणं गोऱ्यांना फार गोड लागतात."

"पण खोटं काय बोलला?" भिंतीकडच्या खुर्चीवरून वेंडेल म्हणाला. वेंडेल कारखान्यात क्रेन चालवायचा, आता फक्त तोंड चालवतो.

"तुझा लेक तीन वर्षं तुला फोन करत नाही. तू बापांवर बोलू नकोस."

"म्हणून तर बोलतो! चूक कशी होते ते मला ठाऊक आहे, लेका."

सगळे हसले, लेम्युएलही.

"बोल की," क्लिओफस म्हणाला, "पण इथे बोल. दार लावून बोल. सगळ्या जगासमोर कशाला?"

"दार लावून आपण चाळीस वर्षं बोलतोय. सिस्टर अर्नेस्टीनने एकदा दार उघडून सांगितलं, तर..." वेंडेल थांबला. कात्रीही थांबली.

अकरा वर्षं झाली. आमच्या रस्त्यावरची लॅटोनिया ओसरीवर बसलेली असताना गोळी लागून गेली, आणि चर्चमध्ये सभा भरली. दाराशी टीव्हीचा कॅमेरा. चर्चमध्ये सगळ्यांची ‘सिस्टर’ असलेल्या अर्नेस्टीनने एकतीस वर्षं सहावीचा वर्ग शिकवला होता, निळी टोपी घालून ती पुढे माइकपाशी गेली. म्हणाली, कारखाना ज्यांनी बंद केला त्यांना मी बोललेय, पोलिसांना बोललेय, मेयरला तोंडावर बोललेय. आज आपल्याला बोलते. ते पिस्तूल कुणाच्या घरात आहे हे आमच्या रस्त्यावर चार घरांना माहीत होतं. त्यांतलं एक घर माझं.

एवढं बोलून तिने श्वास घेतला.

आमच्याकडे बोलणाऱ्याला कुणी एकटं सोडत नाही. तो श्वास घ्यायला थांबला की लोक तेवढी जागा भरून काढतात – हो, सांग बाई, सावकाश, आमेन – आणि सुरुवात नेहमी दुसऱ्या बाकावरून होते, कारण तिथे चर्चचा डीकन लेम्युएल टॉलिव्हर बसतो आणि त्याचा आवाज मोठा आहे. त्या दिवशी तो तिच्या टोपीकडे बघत राहिला. पिस्तुलाचं तिने त्याला लॅटोनिया जाण्याच्या आठवडाभर आधी सांगितलं होतं. पोलिसांना फोन करू नकोस, असं तोच म्हणाला होता. पोलीस येतील आणि ते पिस्तूल बाळगणाऱ्या पोराला मारूनच जातील. हे काही खोटं नव्हतं... असं आम्ही पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एकच ओळ आली : शिक्षिका म्हणते, दोष आमचाच. कारखाना नाही, पोलीस नाहीत, मेयर नाही. त्याने पेपर टेबलावर टाकला. "हेच होणार होतं. घरातलं घरात बोलायचं असतं."

"घरात बोलले होते," ती म्हणाली. "घरात तू होतास."

पुढेही दर शनिवारी मासे तळले गेले, ती गाणी गुणगुणायची, उन्हाळ्यात दोघं ओसरीवर बसून कलिंगड खायची. पण चर्चमध्ये ती पुन्हा बोलायला उठली नाही.

"मी तोंड उघडलं होतं तेव्हा," वेंडेल खाली बघत म्हणाला. "आमेन अगदी ओठांवर होतं. पण तुझ्याकडे पाहिलं. म्हटलं, नवराच गप्प आहे, तर आपण कोण? सगळेच तुझ्याकडे बघत होते, डीकन."

"गप रे वेंडेल! त्याचं दुःख ताजं आहे."

"मी त्याला कुठे दोष देतोय? स्वतःचं सांगतोय."

कात्री पुन्हा चालू झाली. लेम्युएलला त्या दिवशी घरी परततानाची गाडी आठवली, तिच्या मांडीवरची टोपी, आणि तो तिची समजूत घालत होता – समजूतच, त्याला खरंच तसं वाटत होतं – की बघ, कुणालाच पटलं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. माइकपाशी उभं राहिलं की सगळे चेहरे दिसतात. कुठे वळलेत तेही दिसतं. म्हणजे तिला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं, आणि तिने मला ते एकदाही ऐकवलं नाही.

"मागे ठीक आहे?" क्लिओफसने विचारलं.

"ठीक आहे."

बाहेर ऊन होतं. घाई कसलीच नव्हती, तरी तो भरभर चालू लागला, मग पुन्हा हळू झाला. उद्या रविवार. दुसऱ्या भजनानंतर ज्याला काही सांगायचं असेल तो उभा राहू शकतो. गेले सात रविवार ती वेळ आली आणि गेली, तेव्हा उठून सांगण्यासारखं आपल्यापाशी काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

ती ते सगळ्यांसमोर बोलली ते बरोबर की चूक, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. पण चार घरांतलं एक घर आमचं होतं, आणि फोन करू नकोस असं मी म्हणालो होतो. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.