पहिल्याच हाकेला

शहाऐंशी साली भोपाळहून पासपोर्टचे फॉर्म बालाघाटला आले, तेव्हा प्रमोदिनीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांची मीनाक्षी बँकेत नोकरीला. तिचं लग्न ठरलं होतं, आणि सासरी जाण्याआधी आईला एकदा दूर कुठेतरी फिरवून आणायचं, असं तिनं मनात घेतलं होतं. दूर म्हणजे पचमढी नव्हे, थेट सिंगापूर. नागपूरची एक टूर कंपनी आठ दिवसांसाठी नेऊन आणणार होती. मीनाक्षीचे वडील नीळकंठराव जंगलखात्यात हेडक्लार्क. जवळच्या राजेगावच्या पुढे गेलं की त्यांचं पोट बिघडायचं. "मले नाही जमत विमान-बिमान, तुम्ही दोघी जा," म्हणून ते मोकळे झाले.

"आई, पहिले तुझं काही दुसरं नाव होतं काय? इथं विचारून राह्यले," मीनाक्षीनं फॉर्ममधून मान वर केली.

बाईंचा हात सुपातच थांबला. "उमा," त्या म्हणाल्या. "माहेरी उमी म्हणत."

मीनाक्षीनं ते लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळली. बाईंना मात्र पुढचे खडे दिसलेच नाहीत. त्यातले दोन संध्याकाळी नीळकंठरावांच्या दाताखाली आले.

लग्नात याच नीळकंठरावांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘प्रमोदिनी’ लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, झालं. गंमत अशी की इतक्या हौसेनं ठेवलेलं नाव पुढे कुणी घेतलंच नाही. नवऱ्याला ‘ऐकलं काय’ पुरत होतं, शेजाऱ्यांना ‘वहिनी’, आणि बाकी गावाला ‘मीनाक्षीची आई’. ‘उमे’ म्हणणारा एकच माणूस उरला होता, खैरलांजीचा भाऊ गुणाकर. बसमधून उतरला की तो कोपऱ्यावरूनच ओरडायचा, "उमे, चहा मांड व!" मागच्या माघात तो गेला. त्या दिवशी बाई भावासाठी रडल्या, आणि कुणाला कळू न देता थोड्या स्वतःसाठीही रडल्या.

सिंगापूरच्या पहिल्याच संध्याकाळी, हॉटेलच्या विसाव्या मजल्यावरून खालचे लाल-निळे दिवे बघताना बाईंनी धीर केला.

"मीना, एक मागू? इथं आपल्याले कोणी ओळखत नाही. आठ दिवस मले उमी म्हण."

मीनाक्षी पलंगावर पडून हसली. "पागल झाली काय तू? आईले नावानं हाक मारू? जीभ झडन माझी!"

"राहू दे. गंमत केली," बाई म्हणाल्या. पण ती गंमत नव्हती.

मग बोट झाली, पक्ष्यांची बाग झाली, काचेची दुकानं झाली. सरकत्या जिन्यावर पाय ठेवण्याआधी बाई दर वेळी हात जोडत आणि मीनाक्षी दर वेळी लाजेनं चूर होई. "बघ आई." "चल आई." शहर बाईंना फार आवडलं. कुणी कुणाकडे वळून बघत नव्हतं, कुणी कुणाची वहिनी नव्हतं. पण मोकळं वाटलं की तेवढीच ती आस जागी व्हायची. एकदाच, कुणाच्या तरी तोंडून, ते नाव ऐकायचं होतं. आता मीनाही सासरी जाणार. मग घरात ‘आई’सुद्धा कोण म्हणणार?

शेवटच्या दिवशी भर बाजारात मीनाक्षी बॅगेसाठी घासाघीस करत बसली आणि बाई चालत पुढे गेल्या. एका दुकानाच्या काचेमागे दहा-बारा टीव्ही मांडले होते. वर कुठेतरी कॅमेरा होता आणि सगळ्या पडद्यांवर समोरचा रस्ता दिसत होता. गर्दीत जांभळ्या साडीतली एक बाई, छातीशी पर्स धरून उभी. ही कोण, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्या स्वतःकडे बघतच राहिल्या. मागे गाड्या, गाणी, दुकानदारांचा गलका चालूच होता.

त्या गलक्यातून चिरकलेला आवाज आला. "उमी!"

बाईंच्या अंगावर काटा आला. पडद्यावर मीनाक्षी दिसली, पंचवीस पावलांवर, केस विस्कटलेले, भलत्याच दिशेला बघणारी. नुसती मान वळवून हात वर केला असता तर संपलं असतं. आपली पोर घाबरली आहे हे त्यांना दिसत होतं, एका नव्हे, सगळ्या पडद्यांवर. तरी त्या वळल्या नाहीत.

"उमी! ओ उमी!"

बाईंनी पर्स घट्ट धरली. डोळे भरून आले आणि पडदे पुसट झाले. तिसरी हाक अगदी पाठीशी आली आणि खांद्यावर हात पडला. मीनाक्षीनं त्यांना आपल्याकडे वळवलं.

"केव्हाची बोंबलून राह्यली मी! आई-आई करून घसा बसला, मग तोंडात आलं ते ओरडली. तुले ऐकू नाही आलं काय?"

"पहिल्याच हाकेले आलं व," उमी म्हणाली.