रागाची उशी

मूल्यशिक्षणाच्या बाईंनी वर्गाच्या कोपऱ्यात एक निळी उशी ठेवली होती. नियमही त्यांचाच. राग आला की भांडायचं नाही, उशीवर बसायचं आणि शांत झाल्यावरच उठायचं. या कल्पनेचं कौतुक ऐकून ऐकून सहकाऱ्यांचे कान किटले होते. घरी नवरा बाईंना 'प्रेशर कुकर' म्हणायचा, पण ते शाळेत कशाला कोण सांगतंय!

त्या दिवशीचा विषय होता 'दुसऱ्याचं शांतपणे ऐकणं'. मुलं कुजबुजली आणि बाईंचा पारा चढला. "गप्प बसा सगळे! शांतपणे ऐकायला शिकवतेय ना मी?" त्या अशा कडाडल्या, की शेजारच्या वर्गातले पाढे थांबले.

पहिल्या बाकावरच्या मुलीने मुकाट्याने उशीकडे बोट दाखवलं. आता नियम तो नियम. बाई गुडघे पोटाशी घेऊन उशीवर बसल्या आणि मनात म्हणाल्या, 'घ्या, काढा अजून नवीन कल्पना!'

थोड्या वेळाने तीच मुलगी जवळ आली. "बाई, झालात का शांत?"

"झाले गं बाळा."

"मग उठा ना लवकर. आमचा नंबर आहे."

बाईंनी मान वर केली. तिच्यामागे अख्खा वर्ग रांगेत उभा होता.