तोटीवरची गाळणी

छातीखाली मोठ्या सिस्टरांना काही कळत नव्हतं आणि वर सगळं कळत होतं, हीच तर पंचाईत होती.

पित्ताशयात खडे झाले होते. दुसरं कुणी असतं तर पूर्ण भूल देऊन गपगार झोपवलं असतं. पण यांची फुप्फुसं कामातून गेलेली. भूलतज्ज्ञ बाईंनी एक्स-रे बघून सरळ हात वर केले. "पूर्ण भूल दिली तर परत उठतील याची खात्री मी देणार नाही," म्हणाल्या. मग पाठीत सुई देऊन फक्त छातीखालचा भाग बधिर केला. ज्या टेबलाशेजारी उभं राहण्यात उभा जन्म गेला, त्याच टेबलावर बाई आता आडव्या पडल्या होत्या आणि टक्क जाग्या होत्या.

फुप्फुसं कशानं गेली म्हणाल, तर सिगारेट कधी हुंगलीसुद्धा नव्हती. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे आधी पोट गॅसने फुगवायचं आणि बारीक नळ्यांतून अवजारं आत घालायची. आत जाळत जाळत कापायचं, त्याचा धूर होतो. तो कोंडला की पडद्यावर काही दिसत नाही. मग ऑपरेशन करणारे सर नुसतं "धूर!" म्हणायचे आणि मोठ्या सिस्टर नळीची तोटी उघडायच्या. फुस्स करून सगळं थेट त्यांच्या नाकाखाली. जळक्या मांसाचा वास, रक्ताचे कण, आणखी काय काय ते देवालाच ठाऊक. तोंडाला मास्क होता म्हणा, पण त्या चिंधीने काय अडणार, कपाळ! छातीचे डॉक्टर म्हणाले, धुरामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. नका सांगू! जिची छाती गेली तिला माहीत आहे.

हेही त्यांनी सोसलं असतं. पण आता त्यांच्या जागी त्यांची लेक उभी होती, ठकी. बाप लवकर गेला, आईने एकटीने वाढवली, आणि कार्टी "मी तुझ्यासारखीच होणार" म्हणत नर्स झाली. हो ना बाई नर्स, कुठेही हो. पण ही नेमकी ऑपरेशन थिएटरमध्ये, त्यातही सरांच्याच टेबलाला. आईने आकाशपाताळ एक केलं. अबोला धरला, रडून झालं, शेवटी सरांच्या केबिनमध्ये जाऊन भांडल्या. सर म्हणाले, "बरं, तुमचं ऑपरेशन होईपर्यंत राहू दे तिला, मला दुसरं कुणी नाहीये. मग बाळंतिणींच्या वॉर्डात पाठवतो. झालं समाधान?" आणि तोपर्यंत तोटीला गाळणी लावायची, हेही त्यांनी कबूल केलं.

गाळणी म्हणजे डबीएवढा फिल्टर. तोटीला जोडला की धूर त्यातून गाळला जाऊन बाहेर पडतो. कपाटात ढिगाने पडले होते, पण हात कोण लावतो! सर त्याला चहाची गाळणी म्हणून हसायचे. धूर त्यातून हळूहळू जातो, आणि सरांना हळूहळू काही खपत नाही.

"आई, लावली बघ," हिरव्या चादरीपलीकडून ठकी म्हणाली.

"घट्ट बसव."

"हो गं माझे आई! पेशंटने गप्प पडायचं असतं."

सगळे हसले. गॅस भरला, आणि पोटातल्या गॅसचं दुखणं खांद्यात उमटतं तसा मोठ्या सिस्टरांचा उजवा खांदा ठणकू लागला. मान वळवली की पडदा दिसत होता. स्वतःचं पित्ताशय बघायची वेळ आली, काय हे नशीब! सुरुवातीला धूर झाला, ठकीने तोटी उघडली, सावकाश निवळला. त्यांना बरं वाटलं. एवढं एक ऑपरेशन, की पोर सुटली.

आणि पडदा लाल झाला. धमनी सुटली होती. सरांनी जाळायला घेतलं तसा पडदा पांढराफटक पडला.

"धूर!"

ठकीने तोटी उघडली. धूर जागचा हलेना. गाळणी ओली होऊन तुंबली होती.

"दुसरी लावते, सर."

"वेळ नाहीये! उपट ती!"

"प्रेशर उतरतंय," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

"नको गं ठके," मोठ्या सिस्टरांना श्वास पुरत नव्हता. "दुसरी लाव. मी थांबते."

"थांबते काय! रक्त जातंय तुझं!"

"धूर!" सर गरजले.

मोठ्या सिस्टरांच्या पट्टीने बांधलेल्या हाताची बोटं आपोआप वळली, तोटी उघडल्यासारखी. मेल्या बोटांनी त्यांना विचारलंसुद्धा नाही. चादरीपलीकडे फुस्स झालं. वास आला. हा वास त्यांच्या हाडीमासी मुरलेला, पण आज जळत होत्या त्या स्वतः, आणि नाक ठकीचं होतं. पुन्हा फुस्स. पुन्हा एकदा. त्यांनी डोळे मिटून घेतले, कान मिटता येईनात.

"सापडली," सर म्हणाले. धमनीला चिमटा बसला, रक्त थांबलं.

टाके घालून झाल्यावर सर उशाशी आले, घामाने निथळत. "वाचलात, सिस्टर! पोरीचा हात बघितलात? तुमच्यावर गेलीये अगदी. अशी पोरगी मी वॉर्डात घालवू? वेड लागलंय का मला?"

"सर, शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता. पण आज हिच्या जागी कुणी घाबरट असती तर तुम्ही बोलायला उरला नसता. उद्या दुसऱ्या कुणाची आई असेल इथे. आता तुम्हीच सांगा, पाठवू?"

त्यांनी ठकीकडे पाहिलं. तिने मास्क हनुवटीखाली ओढला होता. रडत होती आणि हसतही होती.

"मी नाही जायची वॉर्डात," ती म्हणाली. "आई, मी तुला वाचवलं गं!"

"आणि गाळणी?"

"लावीन ना," ठकीने आईचे केस मागे सारले. "जमेल तेव्हा लावीन."

कशाला वाचवलंस गं मला, असं मोठ्या सिस्टरांच्या अगदी ओठांवर आलं. पण सगळे कौतुकाने त्यांच्याच तोंडाकडे बघत होते.

"उपकार झाले, सर," त्या म्हणाल्या.