पिशवीतल्या चार डिस्क

डबा मेला तो लाडाने मेला. थोरलीने त्याच्यावरचं लोकरीचं झाकण उचललं आणि तिला कळायचं ते कळलं.

चार हार्ड डिस्क पोटात घेऊन बैठकीच्या खोलीत दिवसरात्र घुमणारा तो काळा डबा धाकट्याने तीन वर्षांपूर्वी बसवला होता. बाबांच्या फोटो स्टुडिओची चाळीस वर्षं त्यात भरलेली. धूळ बसू नये म्हणून आईने त्याला निळं झाकण विणलं, चारी बाजूंनी घट्ट, कानटोपीसारखं. आतल्या पंख्याचं तोंड बंद झालं आणि डबा आतल्या आत शिजला.

"अगं, माझ्या बाळाने एवढं हौसेने आणलेलं," आई म्हणाली. बाळ अडतीस वर्षांचं.

थोरलीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वीस वर्षं ती एकाच खुर्चीत बसतेय, आणि त्या खुर्चीची गादी उसवून तिचा कापूस बाहेर आलाय. आईने तिच्यासाठी कधी हातरुमालाएवढं विणलं नाही. भावाच्या डब्याला मात्र स्वेटर.

आणि त्या डब्यात होतं काय? अकरा हजार निगेटिव्ह. स्कॅन कुणी केल्या? थोरलीने. दोन वर्षं, दर रविवारी, हातात सुती मोजे घालून, एकेक पट्टी फुंकून, पुसून. चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. मूळ पट्ट्या गेल्या पावसाळ्यात बुरशी लागून गेल्या, उरलं ते डब्यातलंच. धाकटा एकदा आला, डबा लावला, जेवला, गेला. आणि पाहुणे आले की बाबा डब्याकडे बोट करून सांगणार, "आमच्या धाकट्याने सगळं जपून ठेवलंय." कष्ट एकीचे, कौतुक दुसऱ्याचं. ती तिथेच बसलेली असायची. चहा तीच आणायची.

धाकट्याचा फोन आला तेव्हा तो नेहमीसारखा घाईत होता.

"ताई, नवा डबा पाठवलाय. रविवारी पोचेल. जुन्यातल्या डिस्क काढायच्या, नव्यात घालायच्या. दहा मिनिटांचं काम. तुला जमेल ना?"

तुला जमेल ना! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर, नवा डबा दुसऱ्याच कंपनीचा होता. एका डब्याने चार डिस्कवर मिळून लिहिलेलं दुसऱ्या डब्याला वाचता येईलच असं नसतं. तो त्या डिस्क कोऱ्या करूनच वापरायला घेतो. आधी सगळं बाहेर काढून घ्यायचं आणि मग भरायचं. दुकानात येणाऱ्या परक्या गिऱ्हाइकालाही हे ती पहिल्याच वाक्यात सांगते. भावाला सांगितलं नाही.

"जमेल की," ती म्हणाली.

डिस्क तपासायच्या म्हणून ती दुकानात घेऊन गेली. चार दुसऱ्या डिस्क काढल्या आणि चारींच्या जशाच्या तशा प्रती केल्या. ही सवय बाबांची. ते प्रत्येक गिऱ्हाइकाचे दोन फोटो काढायचे. एक द्यायचा, एक ठेवायचा. कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "माणसं हरवतात गं." गुरुवारी संध्याकाळी शेवटची प्रत झाली. चारी लावून तिने फोटो उघडून पाहिले, सगळे जागच्या जागी. मग प्रत्येक प्रतीवर पांढरी चिकटपट्टी लावून तिने तारीख आणि वार लिहिला, आणि चारी पिशवीत टाकल्या. अस्सल डिस्क वेगळ्या बांधल्या.

यात वाईट काही नव्हतं. वाईट होतं ते तिच्या डोक्यात.

रविवारी टेबलावर नवा डबा ठेवला. आई एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला, मध्ये स्पीकरवर टाकलेला फोन. थोरलीने अस्सल डिस्क एकेक करून आत सरकवल्या. जोडलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरं आली, ती तिने मोठ्याने वाचली.

"'या चारही डिस्कवरचा सगळा मजकूर पुसला जाईल. पुढे जायचं?' काय करू?"

"अगं, ते सगळीकडे लिहिलेलं असतं. हो दाब."

"पुसला जाईल म्हणतोय."

"ताई, मला मीटिंग आहे. तू रोज स्क्रू पिळतेस, हे थोडं वेगळं असतं. दाब."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "दाब म्हणतोय ना तो? त्याला कळतं त्यातलं."

इथे ती थांबू शकत होती. त्या एका वाक्यानंतर थांबली नाही.

"दोघांनी ऐकलंत ना? तो हो म्हणतोय," ती म्हणाली आणि तिने दाबलं.

पाच मिनिटांनी पडद्यावर डबा तयार झाला. स्वच्छ, टकाटक, रिकामा. अकरा हजारांतला एक फोटो नाही.

"नीट बघ," धाकटा म्हणाला. मग, "परत बघ." मग फोनमधून जो आवाज आला तो मीटिंगवाल्या माणसाचा नव्हता. तो हुंदके देत होता. "बाबा, मी घालवलं. तुमचं सगळं मी घालवलं."

थोरलीने हे सगळं आधीच मनात पाहून ठेवलं होतं. आता बाबा ओरडतील, आई कपाळावर हात मारून घेईल, आणि मग ती पिशवीत हात घालेल.

बाबा ओरडले नाहीत. ते फोनकडे वाकले. "रडू नको रे. फोटोच होते शेवटी. तू जेवलास का?"

"बाळा, पाणी पी आधी," आई म्हणाली.

थोरली बघत राहिली. आयुष्यभराची कमाई पुसली तरी ह्याला पाणी आणि जेवण! दोन वर्षं मोजे घालून बसले तेव्हा कुणी विचारलं नाही, जेवलीस का म्हणून. क्षणभर तिला वाटलं, पिशवी उचलावी आणि तशीच घरी जावं. बसा रिकामा डबा घेऊन.

पण बाबांचा हात रिकाम्या डब्यावरून फिरत होता. निगेटिव्ह उजेडाकडे धरायचा तो हात.

"आहेत," ती म्हणाली. "माझ्याकडे प्रती आहेत." आणि तिने चारी डिस्क टेबलावर मांडल्या.

"ताई!" फोनमधून किंकाळीच आली. "ताई, तू कमाल आहेस! मी गाढव आहे!"

आई हसत-रडत तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. बाबांनी मात्र एक डिस्क उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि पट्टीवरचं वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"गुरुवार," ते हळू म्हणाले.

"हो."

"आज रविवार. मग तो दाब म्हणाला तेव्हा तू बोलली का नाहीस?"

तिच्याकडे उत्तर होतं. चाळीस वर्षांचं होतं. ती रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागली.

"बाबा काय म्हणतायत?" धाकट्याने विचारलं.

"काही नाही," बाबा फोनकडे वळून म्हणाले. "तुझी ताई तुझ्यापेक्षा हुशार आहे, एवढंच म्हणतोय."

हेच ऐकायला ती जन्मभर थांबली होती. ऐकलं, आणि मान खाली गेली.

बाबांनी नखाने ती पट्टी सोलून काढली. दुसरीची काढली, तिसरीची, चौथीची. कचऱ्याची पेटी पायाशीच होती. त्यांनी चारी पट्ट्या घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या.